जुगाडाचे कौतुक पुरे, पाईप मोकळ्या बाजारात येऊ द्या



शहरातल्या मंडळींना शेतकऱ्याच्या एका गुणाचे फार कौतुक वाटते. तो गुण म्हणजे जुगाड. रेडिएटरच्या फुटक्या पाईपला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून, तारेने आवळून कोणी जुनी मॅटाडोर जिनिंगपर्यंत नेली, की त्याचा फोटो निघतो आणि ग्रामीण प्रतिभा म्हणून टाळ्या पडतात. कापसाला भाव मागितला की हीच मंडळी कानात बोटे घालतात. आमचे म्हणणे सरळ आहे. हे कौतुक आम्हाला नको. ज्याला दुकानात पाईप मिळतो तो ट्यूब गुंडाळत बसत नाही. जुगाड ही आमची हौस नाही. बंद बाजाराने आमच्यावर बसवलेला तो कर आहे.

हातभर लांबीच्या रबरी पाईपवर बैठकीत चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याने वेचणीच्या दिवसांत आमच्या गावी यावे. कोरडवाहू शेतकरी नवी गाडी घेत नाही, त्याला ती परवडतच नाही. तो तिसऱ्या-चौथ्या हातची मारुती व्हॅन, जुनी मॅटाडोर, नाहीतर जीप घेतो. मारुती व्हॅन १९८४ साली बाजारात आली आणि २०१९ साली बंद झाली. मॅटाडोर तर कधीच कारखान्यातून निघायची थांबली. कारखान्याने या गाड्या सोडल्या, पण गावाने सोडलेल्या नाहीत. वेचणीच्या बाया शेतावर न्यायच्या त्या याच गाडीतून. खताची पोती, ज्वारीचे कट्टे, लग्नाचे वऱ्हाड आणि रात्री-अपरात्री तालुक्याला न्यायचे आजारी माणूस, सगळे याच गाडीतून जाते. पाईप फुटला की हे सगळे थांबते.

आणि पाईप फुटला म्हणून नुसता पाईपच जातो असे नाही. इंजिनात तापलेले पाणी वरच्या पाईपने रेडिएटरमध्ये येते, तिथे थंड होते आणि पंप ते खालच्या पाईपने पुन्हा इंजिनात ओढतो. रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग असते. ती पाण्यावर दाब धरून ठेवते. साधारण १३ पौंडांच्या झाकणाखाली पाणी १०० अंशांऐवजी ११९-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. हा सगळा दाब आणि सगळी उष्णता पाईपच्या भिंतीवर असते. पाईप फाटला की पाणी मिनिटभरात रस्त्यावर. चालवणाऱ्याच्या ध्यानात आले नाही तर गॅस्केट उडते, हेड वाकडे होते. मग हेड प्लेन करा, गॅस्केट घाला, मजुरी द्या. २०२५-२६ च्या हंगामाला सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत ७,७१० रुपये क्विंटल ठरवली. असे दोन क्विंटल या कामात सहज जातात. काहीशे रुपयांचा पाईप वेळेवर मिळाला नाही म्हणून!

का मिळत नाही? तालुक्याच्या दुकानात गेले की उत्तर येते, मॉडेल बंद झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी गेले की उत्तर येते, मागवावा लागेल, पैसे आधी भरा, आठ दिवसांनी या. आठ दिवस पऱ्हाटीवर फुटलेला कापूस थांबतो का? तिसऱ्या दुकानात एक पाईप हाती ठेवतात. त्यावर ना कोणाचे नाव, ना साल. एका उन्हाळ्यात तो फुगून भोपळा होतो.

वास्तविक या पाईपमध्ये कसलीही जादू नाही. आत रबर, मध्ये धाग्याचा थर, बाहेर पुन्हा रबर. पूर्वी हा धागा सुती असायचा, म्हणजे आपल्याच कापसाचा. आता बहुधा पॉलिएस्टर असतो. पाईप ओळखायला चार गोष्टी पुरतात : आतला व्यास, लांबी, बाक आणि रबराची जात. पण बहुतेक पाईपवर या चारपैकी एकही छापलेली नसते. छापलेला असतो तो कंपनीचा लांबलचक नंबर. त्या नंबरातून माप कळत नाही. त्याच व्यासाचा, त्याच बाकाचा दुसऱ्या गाडीचा पाईप त्याच दुकानाच्या फळीवर टांगलेला असतो, पण दुकानदाराला ते ठाऊक नसते आणि आपल्यालाही नाही. वस्तू फळीवर आहे, गिऱ्हाईक दारात आहे, आणि मध्ये नंबराची भिंत आहे.

एकाधिकार म्हणजे काय, हे कापूस उत्पादकाला शिकवायची गरज नाही. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. पिकवला आम्ही, पण विकायचा एकालाच. राज्याच्या सीमेपलीकडे चांगला भाव असला तरी तिकडे कापूस नेणारा गुन्हेगार ठरायचा. पाईपची गोष्ट हुबेहूब तशीच आहे, फक्त टोक उलटे. तिथे विकणाऱ्याला एकच दार होते, इथे घेणाऱ्याला एकच दार आहे.

हे आमचे मनचे बोलणे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी मोटारगाड्या बनवणाऱ्या १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड सुनावला. कारण काय? सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या बाहेरच्या मिस्त्रीला मोकळेपणी मिळू देत नव्हत्या. कंपनीला भाग पुरवणाऱ्या कारखानदाराला तोच भाग बाजारात विकायला आडकाठी होती. ही आडकाठी काढा, सुटे भाग सहज मिळतील अशी व्यवस्था करा, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आयोगाने बजावले. पुढे अपिले झाली. पण देशाच्याच एका आयोगाने जे लिहून ठेवले, ते आमच्या मिस्त्रीला पहिल्यापासून ठाऊक होते.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारे होती, मोटारगाड्याही होत्या. २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संगणकावर एक पोर्टल उघडले. पोर्टलने रेडिएटर गार होत नाही. हक्क कायद्यात लिहिलेला नसेल आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा नसेल, तर तो हक्क नव्हे, ती जाहिरात.

दुसऱ्या बाजूला मात्र सरकारचा हात भलताच चपळ आहे. २०२१ साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण आले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ती १०,००० केली. धूर ओकणारी, ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर नको, हे आम्हालाही मान्य आहे. तिची तपासणी करा, नापास झाली तर उभी करा. पण पास होणारी गाडी पाईपविना उभी राहते आणि वर तिच्या मालकाकडून वाढीव फी घेता, हा कुठला न्याय?

गिरण्यांना स्वस्त कापूस हवा असला की बाजार एका रात्रीत मोकळा होतो. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली, ऐन आमच्या वेचणीच्या हंगामात. आम्ही मोकळ्या बाजाराचे वैरी नाही. तो मागतच आम्ही रस्त्यावर आलो. आमचा प्रश्न एवढाच आहे : आम्ही विकायला निघालो की बाजार मोकळा, आणि घ्यायला निघालो की बंद, असे का?

कोणी म्हणेल, बाजार मोकळा केला तर बनावट पाईपांचा सुळसुळाट होईल. अहो, तो आजच झाला आहे. बनावट माल वाढतो तो असली माल मिळत नाही तिथे. पाईपवर माप, रबराची जात, तयार करणाऱ्याचे नाव आणि महिना-साल छापणे सक्तीचे करा. मग खरे-खोटे आम्ही दुकानातच निवडू. सरकी नीट पाहून घेणाऱ्याला रबर पाहून घेता येते.

हे होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. नाइलाजाने करायचे काम असले तरी ते नीट करायचे. आमच्या मिस्त्री मंडळींचा अनुभव असा :

हंगामाआधी, इंजिन पूर्ण गार असताना, प्रत्येक पाईप हाताने दाबून पाहा. लिबलिबीत, कडक होऊन तडकलेला, क्लिपेजवळ फुगलेला किंवा तेलाने माखलेला पाईप लगेच बदला. जुना पाईप फेकू नका, तोच नमुना म्हणून दुकानात न्या. माप घ्यायचे तर रेडिएटरच्या तोंडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळा आणि तिची लांबी ३.१४ ने भागा. पट्टी ११९ मिलिमीटर भरली तर व्यास ३८ मिलिमीटर. हे माप घेऊन दुकानात जा, दुकानदाराला नंबर विचारू नका. फळीवरचे पाईप खाली काढायला लावा आणि बाक जुळवा. लांब पाईपमधला हवा तो बाक कापून घेता येतो. सरळ पाईप जबरीने वाकवू नका, तो मुरडतो आणि पाणी अडते.

एका पाईपने भागत नसेल तर दोन तुकड्यांमध्ये त्याच व्यासाची धातूची नळी घालून जोड करता येतो. नळीच्या दोन्ही टोकांना लेथवाल्याकडून काठ उठवून घ्या, म्हणजे पाईप निसटत नाही. क्लिप स्क्रूची हवी आणि ती त्या काठाच्या आतल्या बाजूला बसली पाहिजे. तार रबर कापते. खालच्या पाईपमध्ये स्प्रिंग असेल तर ती नव्या पाईपमध्ये घाला, नाहीतर पंपाच्या ओढीने पाईप चिमटतो. बसवताना तेल-ग्रीस लावू नका, पाण्याच्या पाईपचे रबर तेलाने फुगते. साबणाचे पाणी पुरे. ठिबकची नळी, बागेचा पाईप, डिझेलचा पाईप इथे चालत नाही.

रस्त्यात फुटला तर गाडी लगेच बंद करा. झाकणाला हात लावू नका, वाफेने तोंड-हात भाजतात. इंजिन पुरते गार झाले की पाईप कोरडा पुसून ट्यूबची पट्टी ताणून, पदरावर पदर चढवत गुंडाळा. पाणी हळूहळू भरा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेड तडकते. झाकण पहिल्या खाचेपर्यंतच लावा, म्हणजे दाब चढत नाही. मग काट्यावर नजर ठेवून सावकाश जवळच्या मिस्त्रीपर्यंत, त्यापुढे नाही. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार धरतो, म्हणून नेहमीसाठी कूलंट वापरा. पण जुने कूलंट गोठ्याजवळ किंवा हौदाशेजारी सांडू नका. ते चवीला गोड आणि जनावराला विष आहे.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील मागण्यांचा ठराव ठेवत आहोत :

१. प्रत्येक रबरी पाईपवर आतला व्यास, लांबी, रबराची जात, तयार करणाऱ्याचे नाव आणि महिना-साल छापणे बंधनकारक करावे.

२. कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखानदाराला तेच भाग आपल्या नावाने मोकळ्या बाजारात विकण्याची मुभा कायद्याने द्यावी.

३. बंद झालेल्या मॉडेलच्या सुट्या भागांची मापे कंपन्यांनी जाहीर करावीत, म्हणजे कोणत्याही कारखानदाराला ते बनवता येतील.

४. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करावा. गाड्या, ट्रॅक्टर आणि फवारणीचे पंप त्यात यावेत.

मागणी करून थांबायचे नाही. प्रत्येक तालुक्याने एक वही घालावी. कोणत्या गाडीला कोणत्या व्यासाचा, कोणत्या बाकाचा पाईप लागतो आणि दुसऱ्या कोणत्या गाडीचा चालतो, हे त्यात मिस्त्रीला विचारून लिहावे. पुढच्या बैठकीला येताना ही वही आणि काढून ठेवलेले जुने पाईप सोबत आणा. दहा तालुक्यांच्या वह्या एकत्र झाल्या की कंपनीच्या नंबराची भिंत निम्मी पडली म्हणून समजा. उरलेली निम्मी पाडायला सरकारच्या दारात जायचेच आहे.