सात ते साडेआठ

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. वस्ती तीनेक हजारांची. बरेचसे शेतकरी, काही साखर कारखान्यात जाणारे. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावात संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला लावायचा त्याने खुशाल लावावा. मधला दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा, एकमेकांशी बोलण्याचा.

करोनात शाळा बंद होत्या, तेव्हा पोरांच्या हाती मोबाइल आले आणि शाळा उघडल्या तरी ते सुटेनात. म्हणून हे सुचलं. ग्रामपंचायतीत विषय निघाला तेव्हा गडीमाणसं हसली. बायकांनी मात्र मोकळेपणी कबूल केलं, की आम्हालाही मालिकांनी धरून ठेवलंय. मग अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले आणि लोकांना समजावत राहिले.

वडगावने हे मुलांसाठी केलं. मला काळजी आहे ती मोठ्यांची, त्यातही मालिकांना नावं ठेवून बातम्यांची 'महाचर्चा' बघणाऱ्यांची. मालिका बघणाऱ्या बाईला ठाऊक असतं, की आपण करमणूक करून घेतोय. चर्चा बघणाऱ्या गृहस्थाला वाटतं, आपण देश समजून घेतोय. मी त्यांच्यातलाच एक. जेवणाचं ताट घेऊन रोज पडद्यावरच्या त्या भांडणाऱ्या चेहऱ्यांच्या खिडक्यांसमोर बसायचो.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, त्या आठवड्यातली गोष्ट. एका वाहिनीवर कांद्यावर चर्चा लागली. हाताशी एक जुनी लग्नपत्रिका होती. म्हटलं, तासाभरात जे नवीन कळेल ते हिच्या पाठीवर लिहायचं. पडद्यावर सात खिडक्या. कोणालाही सलग मिनिटभर बोलता आलं नाही, कारण दुसरा त्याच्यावर बोलत होता आणि सूत्रसंचालक दोघांवर. 'तुमच्या काळात काय झालं ते सांगा' हे वाक्य मी नऊ वेळा मोजलं. शेतकरी संघटनेचा एक माणूस लाल कांद्याबद्दल काहीतरी सांगू लागला, तेवढ्यात ब्रेक झाला. ब्रेकनंतर त्याची खिडकीच गेली होती. तासाअखेर पत्रिकेच्या पाठीवर दोन ओळी होत्या, आणि त्या दोन्ही मला आधीपासून माहीत होत्या.

दुसऱ्या दिवशी निफाडकडच्या मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, कांदाचाळीत टिकतो तो उन्हाळ कांदा. आत्ता निघतोय तो लाल. तो काय घरात ठेवून लोणचं घालू? काढला की विकायचाच." पाच मिनिटांत विषय डोक्यात बसला. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं तेव्हा ज्याच्या चाळीत उन्हाळ होता, त्याला निदान थांबून बघायची सोय होती. डिसेंबरच्या बंदीत लाल कांदेवाल्याला तीही नव्हती. एकाच पिकावरचे दोन निर्णय, पण मार दोन तऱ्हेचा. एवढं समजलं की मग निर्णय बरोबर की चूक यावर भांडायला अर्थ येतो.

टीव्हीकडे कांद्याची चित्रं दोनच आहेत. भाव चढला की मंडईत पिशवी घेतलेल्या बाईच्या तोंडापुढे बूम. भाव पडला की ट्रॉलीतून रस्त्यावर ओतलेला कांदा. दोन्ही चित्रं खरी आहेत. पण एकापासून दुसऱ्यापर्यंत जो रस्ता जातो, चाळीतला, बाजार समितीतला, दिल्लीतल्या फायलीतला, तो कॅमेऱ्याला दिसत नाही. जे दिसत नाही ते टीव्हीला सांगता येत नाही, आणि मग आपण ठरवून टाकतो की ते नसेलच. नील पोस्टमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८५ मध्येच बजावलं होतं, की टीव्हीचा खरा धोका त्याच्या थिल्लर कार्यक्रमांत नाही. तो गंभीर असल्याचा आव आणतो तेव्हा त्याला भ्यावं.

आरडाओरड्याचं खापर टीआरपीवर फोडायची पद्धत आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये घोटाळ्याचा आरोप झाला आणि बातम्यांच्या वाहिन्यांचे साप्ताहिक आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले. त्या काळात खिडक्यांतला आवाज खाली आल्याचं मला तरी आठवत नाही.

या सवयीची किंमत फक्त वाया गेलेल्या तासांत मोजू नका. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. आपण तीन दिवस टीव्हीपुढून हललो नाही. कमांडो कुठे उतरतायत, कुठून आत शिरतायत, सगळं थेट दिसत होतं, आणि हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणारे पाकिस्तानातले लोकही तेच बघत होते. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. अशा कारवाया थेट दाखवायला मनाई करणारा नियम यायला २०१५ उजाडलं. तोवर, आपण काय बघतोय हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी स्वतःला विचारला होता?

टीव्ही जन्मतः वाईट होता, असं मी म्हणणार नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं, आणि 'आमची माती, आमची माणसं' बघून शेतात काही करून पाहणारी माणसं निघाली. 'ज्ञानदीप'च्या प्रेक्षकांनी ठिकठिकाणी मंडळं काढली. मुख्य म्हणजे तो टीव्ही रात्री संपायचा. पडदा काळा व्हायचा आणि ऐकलेलं मनात मुरायला जागा मिळायची. आताचा संपतच नाही. घरात बंद केला तर चर्चेतली अर्ध्या मिनिटाची भांडणं कापून खिशातल्या मोबाइलवर येतात, म्हणून वडगावने दोन्ही एकदम बंद केले. शहाणं गाव.

आपल्याकडे ऐकण्याची परंपरा नव्हती असंही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. एका माणसाने तासभर एकच मुद्दा उलगडायचा, बाकीच्यांनी तो ऐकायचा, पटला नाही तर घरी जाताना रस्त्यात त्यावर वाद घालायचा. अशा व्याख्यानमालांची पत्रकं आजही निघतात, पण समोर बहुतेक पांढरी डोकी असतात. गावच्या वाचनालयातही संध्याकाळी ग्रंथपाल आणि पंखा, दोघंच. कारण माणसं त्या वेळी घरात खिडक्या बघत असतात. ही संध्याकाळ आपल्याला परत मिळवायची आहे.

त्यासाठी आजपासून एवढं करा. सात ते साडेआठ संच बंद. रिमोट देवघरात ठेवा, फोन त्याच्या शेजारी. आठवड्याला एकच विषय धरा: तुमच्या पाण्याची पट्टी, गावच्या शाळेची पटसंख्या, पीकविमा, काहीही. सकाळच्या पेपरातली त्यावरची बातमी घरात कोणीतरी मोठ्याने वाचावी, जमलं तर सातवीतल्या पोराने, आणि न कळलेले शब्द अडवून विचारावेत. मग ज्याच्या अंगावर तो विषय आलाय अशा माणसाशी बोला. प्रत्येकाच्या नात्यात एखादा निफाडचा मेव्हणा असतोच. पहिले चार दिवस घर खायला उठेल. माझं उठलं होतं. पाचव्या दिवशी वडील आपणहून १९७२ च्या दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या कामाबद्दल बोलू लागले. इतकी वर्षं एका घरात राहून मी ते ऐकलं नव्हतं.

एकट्याने हे फार दिवस टिकत नाही. शेजारच्या भिंतीतून चर्चा ऐकू येतेच. म्हणून भोंगा गावाचा हवा. देवळाची घंटा चालेल, शाळेची चालेल, सोसायटीत वॉचमनची शिट्टीसुद्धा चालेल. शहरात असाल तर सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी सचिवाला आजच चिठ्ठी द्या. गावात असाल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर, यांतली जी ग्रामसभा जवळ असेल तिच्या विषयपत्रिकेत हा विषय घाला. अर्ज साध्या कागदावर चालतो. खाली पाच सह्या घ्या, त्यांतल्या निदान तीन बायकांच्या असू द्या.