केशवरावांच्या रंगमंचासाठी रामटेकहून हाक

रामटेकच्या गडावर रामाच्या दर्शनाला निघालेला जुना भाविक आधी धूम्रेश्वरापुढे हात जोडतो. शंबूकाचा वध इथेच झाला आणि मरताना त्याने रामाच्या आधी आपली पूजा व्हावी असं मागून घेतलं, अशी आख्यायिका आहे. कथा अन्यायाची आहे, आजही टोचते. पण जिथे मरण घडलं असं मानलं, ती जागा या गावाने ओसाड पडू दिली नाही, तिथला दिवा विझू दिला नाही. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते याच आधाराने.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक नट केशवरावांची जयंती होती. छत कोसळलं, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. उरल्या त्या काळवंडलेल्या दगडी भिंती. जयंतीच्या सकाळी ज्यांनी हार घेऊन यायचं, ते कलावंत राखेपुढे उभे राहून रडले. तेव्हापासून जयंतीच्या आदल्या रात्रीच आग का, ही कुजबुज ऐकू येते. शाप म्हणतात, अपशकुन म्हणतात.

जुन्या नाट्यगृहांभोवती अशा गोष्टी लवकर जमतात. रात्री रिकाम्या रंगमंचावर पावलं वाजतात, रंगपटात कुणीतरी गुणगुणतं. गोष्ट म्हणून ऐकायला मलाही आवडतं. पण तिचा फायदा कुणाला होतो, ते पाहा. जागा बाधित ठरली की दाराला कुलूप लागतं, कुलपाआड छत गळतं, आणि काही वर्षांनी इमारत धोकादायक ठरते. मग फक्त जमिनीचा भाव बोलतो. केशवरावांच्या नाट्यगृहाच्या वाट्याला हे येऊ नये. आगीचं कारण तपासात शोधायचं असतं. शापाच्या नावाखाली वायरिंग, देखभाल आणि जबाबदारी हे तिन्ही प्रश्न गाडले जातात.

केशवरावांची खरी कहाणी भुताच्या कुठल्याही गोष्टीहून जास्त चटका लावणारी आहे. 1890 साली कोल्हापुरात जन्म. बालपणीच नाटक कंपनीत भरती. ‘शारदा’मधल्या भूमिकेने नाव झालं, आणि 1908 साली, वयाची अठरा वर्षंही पुरी झालेली नसताना, त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली. विदर्भातल्या वाचकांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. या कंपनीने गाजवलेलं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आपल्या अमरावतीच्या वीर वामनराव जोशींनी लिहिलेलं. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक देशकार्यासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. पुढे तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला, विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

नाट्यगृह मात्र त्यांच्याही आधी राजर्षी शाहू महाराजांचं. 1902 च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमन आखाडा पाहिला, आणि कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान व त्याला लागून पॅलेस थिएटर, म्हणजे हेच नाट्यगृह, अशी जोड उभी केली. 1913 ला काम सुरू झालं, 1915 ला पडदा उघडला. आत प्रेक्षकाच्या नजरेला आडवा येईल असा एकही खांब नव्हता. रंगमंचाच्या पाठीला मैदानाकडे तोंड करून दुसरा, खुला मंच. पहिलवान आणि गायक नट यांना एकाच भिंतीच्या दोन बाजूंना जागा देणारा दुसरा राजा मला तरी ठाऊक नाही. म्हणून ही इमारत फक्त कोल्हापूरची म्हणून सोडून देता येत नाही.

सरकारने निधी जाहीर केला, पुनर्बांधणी हाती घेतली गेली, हे चांगलंच झालं. पण आपलं काम तिथे संपत नाही. इटलीतल्या व्हेनिस शहराचं फेनिचे नाट्यगृह 1996 ला जळालं, तेव्हा गावाने एकच हट्ट धरला: जसं होतं तसं, जिथे होतं तिथेच. 2003 ला ते पुन्हा उघडलं. आपणही तोच हट्ट धरायचा आहे. माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज परत हवा. खासबागेशी असलेली जोड परत हवी. चकचकीत वातानुकूलित सभागृह कुठेही बांधता येतं, शाहू महाराजांचं थिएटर तिथेच होऊ शकतं. नागपूरकरांना हे जास्त समजावायला नको. आपलं धनवटे रंगमंदिर पाडलं गेलं, आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या संकुलाकडे पाहून जुने रंगकर्मी आजही हळहळतात.

दिवाळीनंतर रात्र-रात्र जागून झाडीपट्टीची नाटकं पाहणारे, मंडईत खडी गंमत ऐकायला उभे राहणारे आपण लोक. रंगमंच म्हणजे काय, ते आपल्याला कळतं. म्हणून मागणं आहे. तुमच्या आजोबांच्या पेटीत त्या नाट्यगृहातलं एखादं हस्तपत्रक, आतल्या नक्षीचा फोटो, प्रयोगाचं चित्रीकरण असेल, तर त्याची प्रत कोल्हापूर महापालिकेकडे पोचवा. हुबेहूब बांधायला असे पुरावेच लागतात. विदर्भातल्या प्रत्येक नाट्यसंस्थेने यंदा एका प्रयोगाचं उत्पन्न या कामासाठी बाजूला काढावं. आणि आपल्या गावच्या सभागृहात पुढच्या वेळी नाटकाला जाल, तेव्हा तिसरी घंटा व्हायच्या आत व्यवस्थापकांना गाठून विचारा: वायरिंग शेवटचं कधी तपासलं? विंगेत जुने सेट का कोंबलेत? बाहेर पडायच्या दाराला कुलूप का आहे? तोंडी उत्तरावर थांबू नका. लेखी मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.