सवलतीचं कार्ड म्हणजे आगाऊ भरलेलं लिंकिंग



रोहिण्या जवळ आल्या की गावात बियाण्याच्या कंपन्यांच्या गाड्या फिरायला लागतात. आता त्यांच्या मागोमाग अजून एक माल यायला लागलाय. मेंबरशिपचं कार्ड. वर्षाला २,५०० रुपये भरायचे, मग क्लबच्या गोदामातून औषधं, बियाणं, विद्राव्य खतं 'मेंबरच्या भावात' मिळणार. पारावर टेबल मांडून, चहा पाजून कार्ड खपवतात. बोलणं ठरलेलं असतं: "छापील किमतीवर ३० टक्के सूट. पहिल्याच फवारणीत पैसे वसूल."

माझं म्हणणं सरळ आहे. पाच-सात एकर कोरडवाहू असलेल्या माणसाने हे कार्ड घेऊ नये. नवीन आहे म्हणून नको, असं नाही. वहीत बसत नाही म्हणून नको. कसं ते मांडतो, आकडे तुमच्या वहीशी ताडून बघा.

आधी सूट कशावर मिळते ते बघू. माझी पाच एकर, तीन सोयाबीन आणि दोन कपाशी. डीएपी पाच पोती, १,३५० प्रमाणे ६,७५०. युरिया चार पोती, २६६ रुपये ५० पैसे प्रमाणे १,०६६. बीटी कपाशीची चार पाकिटं, २०२५ च्या हंगामातल्या ९०१ रुपये दराने ३,६०४. बेरीज ११,४२०. सोयाबीनचं बियाणं घरचंच, उगवण तपासून ठेवलेलं.

आता या ११,४२० वर क्लब काय सूट देणार? बीटी बियाण्याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. युरियाची किंमतही सरकारने बांधलेली. डीएपी अनुदानावर चालतं आणि पोत्यावरची किंमत सगळीकडे तीच. शिवाय अनुदानाचं खत परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावं लागतं, पॉस मशीनवर आधारचा अंगठा देऊन. मधल्या क्लबला तिथे सूट द्यायला जागाच नाही. म्हणजे माझ्या खर्चातला जवळपास निम्मा भाग कार्डाच्या बाहेर गेला. टेबलावरचा माणूस हे सांगत नाही.

तो काय सांगतो? "मेंबर झालात तर डीएपी आधी मिळेल." इथे मात्र कान टवकारायचे. सरकारी भावाचं पोतं आहे, ते मिळवायला वेगळे पैसे कशाला? दुकानदार म्हणतो, "डीएपी पाहिजे तर ही बाटली घ्यावी लागेल," त्याला आपण लिंकिंग म्हणतो. कृषी खातं दरवर्षी बजावतं की लिंकिंग करू नका, तक्रार आली तर कारवाई करू. मग "डीएपी पाहिजे तर हे कार्ड घ्या" हे वेगळं कसं? बाटली निदान फवारता तरी येते. कार्ड फवारता येत नाही.

राहिली औषधं. तणनाशक, कीटकनाशक, बुरशीनाशक, थोडं विद्राव्य खत. माझ्या वहीत सोयाबीनला एकरी २,००० आणि कपाशीला एकरी ३,५०० असा खर्च पडतो. तीन एकरचे ६,००० आणि दोन एकरचे ७,०००, मिळून १३,०००. कार्डाला कमवायचं ते एवढ्यातच.

आता त्या ३० टक्क्यांकडे या. औषधाच्या बाटलीवर छापलेली किंमत आपल्यापैकी कोण देतं? कुणीच नाही. छापील आकडा मुळातच फुगवलेला असतो. एक बाटली घ्या, छापील किंमत १,०००. क्लबचा भाव ३० टक्के कमी, ७०० रुपये. तीच बाटली तालुक्याच्या दुकानात रोखीने ७४५ ला पडते. मग माझी सूट किती? ४५ रुपये. ७४५ वर ४५ म्हणजे ६ टक्के. ३० चे ६ झाले, आणि आपण अजून बाटली उघडलेली पण नाही.

१३,००० वर ६ टक्के म्हणजे ७८०. कार्डाचे २,५००. वर्षाअखेर १,७२० रुपये खिशातून गेले, क्लबच्या गोदामापर्यंतचं पेट्रोल वेगळं. पैसे वसूल व्हायचे तर वर्षाला ४१,६६७ रुपयांची औषधं घ्यावी लागतील. माझ्या खर्चाच्या हिशोबाने त्याला १६ एकर लागतात. माझ्याकडे पाच आहेत.

इथे काही जण म्हणतील, तुम्ही रोखीचा भाव धरला, आम्ही उधारीवर घेतो. बरोबर. तीच बाटली उधारीत ८२० ला लागते. मग कार्डाचे ७०० बघून १२० रुपये वाचले असं वाटतं. पण त्या १२० मधले ७५ रुपये रोख दिल्यामुळे वाचले, कार्डामुळे नाही. क्लब काही उधार देत नाही. ही गल्लत टेबलावर मुद्दाम केली जाते. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव शेजारी ठेवायचा आणि मधला फरक कार्डाच्या नावावर खपवायचा.

उलट हाच हिशोब पुढे न्या. जुलैची बाटली, पैसे सुगीत. चार महिन्यांसाठी ७४५ वर ७५, म्हणजे १० टक्के. दुसरीकडे बँकेचं किंवा सोसायटीचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंत केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. ज्याचं खातं नियमित आहे त्याने पीक कर्ज उचलून औषध रोखीने घ्यावं. १३,००० च्या खरेदीवर उधारीतले १,३०० रुपये वाचतात. कार्डाच्या ७८० पेक्षा हे जास्त, आणि त्याला कसली मेंबरशिप लागत नाही. थकबाकीत अडकलेल्याला हा रस्ता बंद आहे हे मान्य. पण त्याच्याकडून २,५०० रुपये आगाऊ घेणं हा तर अजून मोठा अन्याय.

आता टेबलावरचं हुकमी वाक्य: "अमेरिकेत असंच चालतं. लोक पैसे भरून दुकानात जातात." खरं आहे, जातात. पण कसं चालतं ते पुरतं सांगा ना.

१९७६ साली सॅन डिएगोत सोल प्राइस नावाच्या माणसाने विमानाच्या जुन्या हँगरमध्ये 'प्राइस क्लब' काढला. सुरुवातीला गिऱ्हाईक कोण, तर लहान व्यापारी, म्हणजे रोज घाऊक माल लागणारी माणसं. त्याच वाटेवर पुढे कॉस्टको वाढलं. सप्टेंबर २०२४ पासून कॉस्टकोची साधी फी वर्षाला ६५ डॉलर आहे, वरच्या दर्जाची १३०. वरच्या कार्डावर खरेदीच्या २ टक्के परत मिळतात, त्यालाही वर्षाला १,२५० डॉलरची मर्यादा. म्हणजे वरचे ६५ डॉलर वसूल व्हायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी पाहिजे. तिथला शहाणा माणूस हाच भागाकार करतो: जादा फी किती, टक्के किती, आपण घेतो किती.

त्या धंद्याची गंमत बघा. मालावर साधारण १४-१५ टक्क्यांच्या वर चढवायचं नाही असा त्यांचा शिरस्ता आहे. कमाई फीवर. २०२४ च्या आर्थिक वर्षात फीचे सुमारे ४.८ अब्ज डॉलर आले आणि कामकाजाचा नफा होता सुमारे ९.३ अब्ज. म्हणजे फीची रक्कम नफ्याच्या निम्म्याहून जास्त. दुकान फीवर जगतं म्हणून माल स्वस्त ठेवणं त्याला भाग पडतं, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी फी भरणार नाही. आणि समाधान झालं नाही तर फी पूर्ण परत, कधीही.

आता हे आपल्या पारावर लावून बघा. तिथलं कुटुंब महिन्यातून दोन-चार वेळा किराणा, दूध, अंडी, पेट्रोल घेतं. आपली औषधखरेदी जून ते ऑक्टोबर, पाच-सहा वेळा. तिथे मालावरचा नफा आवळलेला. इथे क्लब किती चढवतो हे कुणी विचारलंय का? तिथे फी परत. इथे पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय, 'फी परत मिळणार नाही'. अमेरिकेतून आणलं काय, तर फक्त फी. बाकीचं सगळं तिकडेच राहिलं.

अजून एक धोका. कार्ड घेतलं की ते वसूल करायची खाज सुटते. एक लिटर लागतं तिथे दोन लिटरचा पॅक घेतला जातो. गरज नसलेलं टॉनिक घेतलं जातं, "सूट आहे ना" म्हणून. पुढच्या वर्षी ती बाटली मुदत संपलेली निघते. न लागणारी वस्तू ३० टक्के सुटीत घेतली तर ७० टक्के वाया गेले, ३० वाचले नाहीत. किडीची आर्थिक नुकसानीची पातळी कार्ड बघून ठरत नसते, शिवारात फिरून ठरते.

कार्ड कुणालाच परवडत नाही असं मी म्हणणार नाही. द्राक्षबागायतदाराच्या फवारण्या मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. त्याने दोन बिलं शेजारी ठेवावीत, फरक खरा निघाला तर कार्ड खुशाल घ्यावं. वीस-पंचवीस एकर कपाशी-मिरचीवाल्यानेही हिशोब करून बघावा. पण टेबल मांडतात ते कोरडवाहू गावात, आणि सही घेतात तीन एकरवाल्याची. माझं भांडण तिथे आहे.

मग आपण करायचं काय? घाऊक भाव मिळायला घाऊक खरेदी लागते, कार्ड लागत नाही. गेल्या खरिपात आम्ही ११ जणांनी मे महिन्यात एक यादी केली. कुणाला किती, कोणतं औषध, सगळं एका कागदावर. तीन दुकानांत भाव विचारला, रोख देऊ म्हणालो, पक्कं बिल मागितलं. ७४५ ची बाटली ७१० ला मिळाली. क्लबपेक्षा १० रुपये महाग. पण २,५०० रुपये घरात राहिले आणि दुकानदार ओळखीचा. औषध लागू पडलं नाही तर जाब विचारायला माणूस समोर आहे.

पैसे भरायचेच असतील तर शेतकरी उत्पादक कंपनीत भरा, पण डोळे उघडे ठेवून. तिथे भरतो ते भागभांडवल, फी नव्हे. ३१ मार्चला ते संपत नाही. शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एक मत. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या १०,००० एफपीओंच्या योजनेत अटी पूर्ण केल्या तर सभासदाच्या भांडवलाइतकीच रक्कम सरकार टाकतं, प्रति सभासद २,००० आणि कंपनीला १५ लाखांपर्यंत. नफा झाला तर जितका व्यवहार तितका बोनस वाटायची सोय कायद्यात आहे.

म्हणून प्रत्येक एफपीओ चांगली, असंही नाही. बोर्ड लावला, फोटो काढला आणि कुलूप लावलं अशा कंपन्या कमी नाहीत. वार्षिक सभा होते का, ऑडिट झालेला ताळेबंद बघायला मिळतो का, गेल्या वर्षी निविष्ठांची विक्री किती झाली, हे विचारा. उत्तर मिळत नसेल तर तिथेही पैसे टाकू नका. मालकी आपली आहे म्हणून हिशोब मागायचा नाही, असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि टेबलावरच्या माणसाला एवढं विचारा:

१. कीटकनाशक विक्रीचा परवाना कुणाच्या नावावर आहे? दाखवा.
२. प्रत्येक बाटलीचं पक्कं बिल देणार का, बॅच नंबरसकट? बियाणं उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रारीला पावती, टॅग आणि पिशवी लागते. तिथे कार्ड दाखवून भागत नाही.
३. मी नेहमी घेतो त्या पाच औषधांचा आजचा मेंबर भाव कागदावर लिहून द्या. मी तालुक्यात रोखीचा भाव विचारून उद्या येतो.
४. हंगामाअखेर सूट २,५०० पेक्षा कमी भरली तर उरलेले पैसे परत द्याल का?

चौथ्या प्रश्नाला जो हो म्हणेल आणि लिहून देईल, त्याचं कार्ड मी स्वतः घेईन आणि इथे फोटोसकट टाकीन. आतापर्यंत तिघांना विचारलं. तिघेही म्हणाले, "साहेबांना विचारून सांगतो."

घाई करू नका. "आजच्या आज भरलं तर १,९९९" म्हणतील. उद्याही तेवढेच असतात. १,९९९ ला घेतलं तरी पाच एकरात ७८० च वाचतात. ही वजाबाकी तिसरीतलं पोरगं करतं. आधी वही काढा, मग सही.