रिकाम्या खिशाचा पंचनामा

गेल्या महिन्यात घरोघर जेवण पोचवणारा एक तरुण माझ्याकडे आला. रात्री अकराच्या सुमारास एकाच नाक्यावर त्याला महिन्याभरात तीनदा अडवलं होतं. खिसे उलटे करायला लावले, पाठीवरची पिशवी उघडून पाहिली, मोबाइलचं लॉक काढायला लावून चॅट वाचले. काही सापडलं नाही, तेव्हा 'चल, नीघ' म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या वेळी बिर्याणीबरोबरचं सालन पिशवीत सांडलं आणि त्याचे पैसे त्याच्याच कमाईतून कापले गेले. त्याला एकच गोष्ट विचारायची होती : "साहेब, माझ्या नावावर कुठे नोंद तर झाली नसेल ना?" नोंद नाही हे ऐकून तो सुटकेचा श्वास टाकून बसला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आपण फौजदारी वकील झडतीची ओळख कागदावर करून घेतो. एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालचं, दोषारोपपत्र हातात आलं की आधी कलम ५० चं पत्र शोधायचं, ही आपली सवय. १९९९ मध्ये बलदेवसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर अंगझडती करवून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, हे संशयिताला सांगणं पोलिसांचं कर्तव्य आहे. मग गोव्याच्या जोसेफ फर्नांडिस प्रकरणासारख्या निकालांतून 'पुरेसं पालन' नावाची पळवाट निघाली. 'हवं असेल तर अधिकाऱ्यासमोर झडती घेऊ' एवढं म्हटलं तरी चालेल, असं झालं. २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा प्रकरणात घटनापीठाने ती वाट बंद केली. शक्यतो दंडाधिकाऱ्यासमोरच न्या, सामान्य माणसाचा त्यांच्यावर जास्त विश्वास असतो, असंही न्यायपीठाने सुचवलं. अंगझडती दंडाधिकाऱ्यासमोर झाली, अशी किती प्रकरणं आपण स्वतः चालवली आहेत, हे प्रत्येकाने आठवून पाहावं.

माझ्यासमोर आत्ता असंच एक पत्र आहे. मजकूर टाइप केलेला, नाव आणि वेळ यांसाठी मोकळ्या जागा सोडलेल्या, त्या पेनने भरलेल्या. खाली संशयिताचं उत्तर : 'मला माझ्या हक्काची जाणीव करून देण्यात आली असून राजपत्रित अधिकाऱ्याची आवश्यकता नाही.' इतकं शुद्ध मराठी लिहिणाऱ्याने खाली डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे. पत्राची वेळ २३.१०, आणि झडती पंचनामा सुरू झाल्याची वेळही २३.१०. हक्क समजावला, त्याने ऐकला, विचार केला, नाकारला, आणि हे सगळं होईपर्यंत घड्याळ एक मिनिटही पुढे सरकलं नाही. उलटतपासात आपण त्यावर बोट ठेवतो, कधी आरोपी सुटतो आणि आपल्याला काम फत्ते झाल्यासारखं वाटतं.

पण याच कलमाचं तिसरं उपकलम आपण सहसा वाचत नाही. अधिकाऱ्यासमोर आणलेल्या माणसाची झडती घेण्याजोगं कारण त्या अधिकाऱ्याला दिसलं नाही, तर त्याने त्याला तिथल्या तिथे सोडायचं आहे. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांसमोर निर्दोष वाटसरूही होता. त्याच्यासाठी आपण वकिलांनी काय केलं?

कायदा कुठे तोकडा पडतो तेही पाहू. सार्वजनिक ठिकाणच्या झडतीसाठी कलम ४३ ला 'विश्वास ठेवण्यास कारण' लागतं, पण कलम ४२ प्रमाणे ते आधी लिहून ठेवावं लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ खाली अंगझडती झाली तर ताब्यात घेतलेल्या वस्तूंची यादी करून तिची प्रत त्या माणसाला द्यायची असते. वस्तूच मिळाली नाही तर यादी कशाची? १ जुलै २०२४ पासून आलेलं कलम १०५ चित्रीकरण सक्तीचं करतं, पण कशाचं, तर जागेच्या झडतीचं आणि वस्तू ताब्यात घेण्याचं. रस्त्यावरचा रिकामा खिसा या सगळ्यांतून निसटतो.

आणि खिसा भरलेला निघाला, तरी तो कोणी भरला हा प्रश्न उरतोच. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस मुंबईत कलिना इथे एका माणसाची झडती घेताना पोलीसच त्याच्या खिशात काहीतरी सरकवत असल्याचं दिसणारं सीसीटीव्ही चित्रण बाहेर आलं. त्या माणसाला सोडलं गेलं, आणि एक उपनिरीक्षक व तीन शिपाई निलंबित झाले. तो कॅमेरा खासगी होता. तो तिथे नसता, तर पंचनाम्यात लिहिलेलंच खरं ठरलं असतं.

एमडी या अमली पदार्थाचा धंदा राज्यात किती खोलवर गेला आहे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. नाक्यावर रात्रभर उभ्या राहणाऱ्या शिपायाचं काम अवघड आहे, आणि नेमकी माहिती असताना घेतलेल्या झडतीबद्दल माझी तक्रार नाही. माझी मागणी आहे पावतीची. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८४ च्या कायद्याने अडवून घेतलेल्या झडतीची नोंद ठेवणं आणि मागितल्यास तिची प्रत देणं पोलिसांवर बंधनकारक केलं. तिथेही कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा अडवलं जातं, पण निदान त्याचे आकडे सरकारला दरवर्षी छापावे लागतात आणि त्यावर भांडता येतं. आपल्याकडे कोणत्या नाक्यावर, कोणत्या वस्तीतल्या पोरांना, किती वेळा अडवलं, हे मोजायला कागदच नाही.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. झडती होऊन सुटलेला माणूस आला की त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा घालून पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांकडे अर्ज द्या. त्या वेळची नाकाबंदी कोणाच्या आदेशाने होती आणि ठाणे दैनंदिनीत काय लिहिलं आहे, हे माहिती अधिकारात मागा. समोरच्या दुकानाचं चित्रण पुसलं जायच्या आत मिळवा. निष्कारण, त्रास देण्यासाठी घेतलेल्या झडतीला एनडीपीएसच्या कलम ५८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हे कलम वापरल्याचं मी माझ्या आसपासच्या कोर्टांत पाहिलेलं नाही, आणि त्याचा दोष पोलिसांइतकाच आपलाही आहे.

त्या तरुणाला अर्ज देण्याची भीती वाटत होती. रोज त्याच नाक्यावरून जायचं होतं. दोन दिवस विचार करून तो परत आला, तिन्ही तारखा स्वतःच्या फोनमधल्या ऑर्डरींवरून शोधून घेऊन. आम्ही अर्ज लिहिला, त्याने तो दोनदा वाचून सही केली, आणि आवक क्रमांकाचा शिक्का पडलेली प्रत घडी करून पाकिटात ठेवली. आता पुन्हा अडवलं तर तीच दाखवेन म्हणाला.