झाकली मूठ सव्वा लाखाची?

"झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण शाळेत आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना पण पाठ करावी लागायची. वाक्यात उपयोग केला की मार्क मिळायचे. पण या म्हणीवर चालणारा एक अख्खा बाजार आहे, हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. तो बाजार म्हणजे अमेरिकेतली फुटबॉल कार्डं!

मित्रांनो, इथे फुटबॉल म्हणजे आपला मेस्सी-रोनाल्डोवाला नव्हे बरं का. हा अमेरिकन फुटबॉल: डोक्याला हेल्मेट, हातात लांबुडका बॉल आणि नुसती धक्काबुक्की. तिथे खेळाडूंचे फोटो असलेली कार्डं बंद पाकिटात विकतात. कुणाचं कार्ड निघेल ते आपलं नशीब. खेळाडूच्या व्यावसायिक खेळातल्या पहिल्या वर्षी निघालेलं कार्ड म्हणजे 'रूकी कार्ड'. मान त्यालाच जास्त. १९९१ साली सुरू झालेल्या पीएसएसारख्या कंपन्या कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मधोमध आहे की नाही हे तपासून १ ते १० मध्ये ग्रेड देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत सील करतात.

माझा एक मामेभाऊ न्यू जर्सीत वाढला. सतरा वर्षांचा आहे. सुटीत आइस्क्रीमच्या दुकानात राबून त्याने सहाशे डॉलर जमवलेत. त्याचा प्रश्न असा की, "ताई, तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग गणित करून सांग. जुनी न उघडलेली पाकिटं घेऊन ठेवू, की एकच ग्रेड केलेलं रूकी कार्ड घेऊ?"

माझं मत स्पष्ट आहे. कार्ड घे. का, ते सांगते.

पाकिटवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे टॉम ब्रेडी. २००० सालच्या निवडीत या पठ्ठ्याचा नंबर १९९ वा होता. म्हणजे आपल्या भाषेत, प्लेसमेंटच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या कंपनीत लागलेला. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. त्याच्या सहीचं २००० सालचं एक रूकी कार्ड, ज्याच्या फक्त १०० प्रती होत्या, जून २०२१ मध्ये ३१ लाख डॉलरला विकलं गेलं. तेव्हाच्या भावाने बावीस-तेवीस कोटी रुपये! आता त्या वर्षाची बंद पेटी समोर दिसली की माणूस वेडा होणारच. वाटतं, आत ब्रेडी बसलाय.

पण एम-थ्रीची प्रोबॅबिलिटी काय सांगते? समजा, पेटी १०० डॉलरची आहे. शंभरातल्या एकाच पेटीत २००० डॉलरचं कार्ड आहे आणि बाकी ९९ पेट्यांत प्रत्येकी ३० डॉलरचा माल आहे. (आकडे माझ्या मनचे, हिशोब समजावा म्हणून.) सरासरी काढली तर एका पेटीत जेमतेम ५० डॉलरचा माल निघतो. उरलेले ५० डॉलर आपण आशेचे मोजले. आणि शंभरातले नव्व्याण्णव जण तर ३० डॉलर घेऊनच घरी जातात.

पाकीटवाले म्हणतील, "पण आम्ही उघडणारच नाही! लोक उघडत जातील, बंद पाकिटं कमी होत जातील, भाव चढेल." यात तथ्य आहे. पण आत हवंसं काही असेल तरच. १९८० च्या दशकाची अखेर आणि ९० च्या दशकाची सुरुवात, या काळात कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की आज त्या काळाला 'जंक वॅक्स' म्हणतात. लोकांनी तेव्हाही पेट्या माळ्यावर जपून ठेवल्या. तीस-पस्तीस वर्षं झाली, त्यातल्या बऱ्याचशा आजही स्वस्तातच मिळतात. नुसतं जुनं झाल्याने सोनं होत नाही.

शिवाय बंद पाकीट खरंच बंद आहे, हे कुणी सांगावं? जुन्या पाकिटांचा मेणकागद गरम करून पुन्हा चिकटवता येतो. नव्या पाकिटांत जाड, किमती कार्ड आहे का हे वजन करून ताडणारे महाभागही आहेत. पोकेमॉन कार्डांतला किस्सा तर भारीच आहे. यूट्यूबवाल्या लोगन पॉलने २०२१ च्या अखेरीस ३५ लाख डॉलर मोजून, तज्ज्ञांनी खरी ठरवलेली सीलबंद पेटी घेतली. जानेवारी २०२२ मध्ये उघडली, तर आत भलतीच, जी. आय. जो ची कार्डं!

मग ग्रेड म्हणजे देववाणी का? मुळीच नाही. पीएसएने सगळ्यात पहिल्यांदा ग्रेड केलेलं कार्ड होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं होतं. ग्रेड ८. पुढे २०१३ साली बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने कापल्या होत्या. आणि ग्रेड मिळते ती कागदाला, खेळाडूला नाही. १९९८ च्या निवडीत पेटन मॅनिंग पहिला आणि रायन लीफ दुसरा. दोघांत श्रेष्ठ कोण यावर तेव्हा वाद रंगले होते. मॅनिंगने पुढे दोन सुपर बोल जिंकले. लीफ २००१ नंतर मैदानात दिसलाच नाही. लीफचं कार्ड दहापैकी दहा असू शकतं, पण विचारतो कोण? (सीजीपीएवाल्यांनी आणि सीजीपीए नसलेल्यांनीही नोंद घ्यावी.)

तरी मी कार्डाच्या बाजूने, कारण निदान आपण काय घेतोय ते डोळ्यांना दिसतं. म्हणून भावाला सांगितलं: ज्याचं करिअर होऊन गेलंय, त्याचं कार्ड घे. १० ऐवजी ९ घे. फरक डोळ्यांना दिसत नाही, खिशाला मात्र जबरदस्त जाणवतो. आणि पाकीट घ्यायचंच तर पिक्चरच्या तिकिटाइतक्या पैशांत घे आणि मित्रांसमोर लगेच फोड. घरून आलेला लाडवांचा डबा कुणी भाव वाढायची वाट बघत बंद ठेवतं का?

आपल्या हॉस्टेललाही हे लागू आहे. फुटबॉलच्या गेममध्ये पॅक उघडायला महिन्याचा पॉकेटमनी घालणारे आपल्यात कमी नाहीत. गणित तेच, फक्त इथे हातात कागदसुद्धा उरत नाही. बेल्जियमने अशा पॅकना जुगार ठरवलं, तेव्हा २०१९ मध्ये ईए कंपनीला तिथे फिफा गेमच्या पॉइंट्सची विक्री बंद करावी लागली. आपण कायद्याची वाट कशाला बघायची? पुढचा पॅक घेण्याआधी वहीच्या मागच्या पानावर सरासरी काढा. एम-थ्रीचा कुठेतरी उपयोग होऊ दे की राव!