शेवंतीचा बहर आणि उबदार रात्री



ऐन दसरा-दिवाळीत शेवंती महाग का होते, अशी पृच्छा अनेक जण करतात. केवळ दलालांस दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्याचे एक मूळ हवामानात आहे.

शेवंती ही लहान दिवसांत फुलणारी वनस्पती. रात्र पुरेशी लांबली, की ती कळी धरू लागते. मात्र कळी वेळेवर उमलण्यास रात्रीचे तापमान साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस अनुकूल मानले जाते. रात्री फार उबदार राहिल्या अथवा दिवसा पारा ३० अंशांपलीकडे रेंगाळला, तर बहर लांबतो. गुलाबी-तांबड्या जातींचा रंगही फिकटतो. उलटपक्षी, कडाक्याच्या थंडीत वाढच मंदावते.

भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार २०२४ चा ऑक्टोबर हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. त्या महिन्यातील देशाचे सरासरी किमान तापमान २१.८५ अंश, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे पावणेदोन अंशांनी अधिक होते. शेवंतीस बाधक ठरते ती हीच रात्रीची ऊब.

दुसरी अडचण पंचांगाची. सण चंद्राच्या गतीने येतात, शेवंती मात्र सूर्य आणि हवा ओळखते. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला, तर २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आला. अधिक मासाच्या वर्षी तो पुन्हा पुढे सरकतो.

प्रकाशावर उपाय आहे. रात्री शेतात दिवे लावून बहर लांबवता येतो, काळे कापड झाकून लवकर आणता येतो. परंतु त्या कापडाखाली उष्णता कोंडते आणि उघड्या रानातील रात्र तर कोणासही थंड करता येत नाही. फूल सणानंतर आठ दिवसांनी उमलले, तर लागवड, खत, तोडणी यांचा खर्च तोच राहतो; भाव मात्र उतरलेला असतो. ही हानी शेतकऱ्याच्याच पदरी पडते.

म्हणून उष्णता सोसणाऱ्या जातींची निवड आणि सणाची तिथी पाहून लागवड, हे बागायतदारांचे कर्तव्य. आपले कर्तव्य असे, की शेवंती उशिरा आली तर प्लास्टिकच्या माळांकडे न वळता झेंडू, तुळस, जास्वंद जे उपलब्ध असेल ते अर्पावे आणि कार्तिकात उमललेली शेवंतीही तितक्याच आदराने विकत घ्यावी.

— सचिव, विश्वस्त मंडळ