ज्या जखमेचा पंचनामा होत नाही

कांजूरमार्गच्या पूर्वेला महानगरपालिकेची क्षेपणभूमी आहे. तेथील दुर्गंधीविरुद्ध या परिसरातील नागरिक गेली अनेक वर्षे तक्रार करीत आले आहेत. रात्री खिडक्या लावून घेतल्या तरी घरात शिरणाऱ्या हवेने झोप मोडते, डोके जड होते, अन्नावरची वासना उडते, हे सांगणाऱ्याला कोणी "अंगावरचा वळ दाखव" असे म्हणत नाही. परंतु याच वस्तीतील एखाद्या खोलीत नवऱ्याच्या बोलण्याने आणि वागण्याने एका बाईचा श्वास वर्षानुवर्षे कोंडत असेल, आणि ती धीर करून आमच्या कचेरीची पायरी चढली असेल, तर आमच्या कार्यकर्त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मारतो का?"

ती "नाही" म्हणते. येथे बहुतेक वेळा प्रकरण संपते. "मग थोडे सांभाळून घ्या ताई, पोरांकडे पाहा," असा उपदेश होतो, नवऱ्याला बोलावून चार शब्द सांगितले जातात, चहा होतो आणि समेट घडवून आणल्याचे समाधान घेऊन आम्ही दुसऱ्या कामाला लागतो. ती मात्र त्याच खोलीत परत जाते. आता तिच्यावर आणखी एक आरोप जडलेला असतो : घरची अब्रू तिने चव्हाट्यावर नेली. कार्यकर्त्याच्या या एका प्रश्नाने किती अनर्थ होतो, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

मानसिक छळ म्हणजे नवरा-बायकोतील कुरबूर नव्हे. कुरबुरीत दोघांनाही बोलता येते. छळात एकाचे बोलणे बंद होते. त्याची रीत साधारणपणे सर्वत्र सारखी आढळते. प्रथम माहेरचे आणि मैत्रिणींचे येणे-जाणे तोडले जाते. मग पगाराचा वा घरखर्चाचा पैसा हातात घेऊन पै-पैचा हिशेब मागितला जातो. कोठे गेली होतीस, कोणाशी बोललीस, याची उलटतपासणी रोजची होते; आता तर त्यासाठी मोबाइल तपासला जातो. मुलांसमोर आणि पाहुण्यांसमोर अक्कल, रूप, जात, माहेरची गरिबी यांचा उद्धार होतो. काल बोललेले आज सपशेल नाकारले जाते, आणि "तुलाच भ्रम होतो" असे ऐकून ऐकून स्वतःच्या स्मरणशक्तीवरचा तिचा विश्वास उडतो. मध्येच एखादा दिवस गोडीगुलाबीचा येतो, साडी आणली जाते, आणि त्या एका दिवसाच्या आशेवर ती पुढचे सहा महिने काढते. कायम टांगत ठेवलेल्या या जीवाला कधी काय होईल याचा नेम नसतो, आणि शरीर व मन दोन्ही सदैव सावध राहून झिजत जातात.

या झिजेची लक्षणे वैद्यकशास्त्राला परिचित आहेत. झोप न लागणे, छातीत धडधडणे, सतत डोकेदुखी व अंगदुखी, विसराळूपणा, साधा निर्णयही न घेता येणे, कशातच मन न लागणे, आपणच नालायक आहोत अशी खात्री पटणे, आणि शेवटी जगण्याची इच्छाच सरणे. नैराश्य, चिंताविकार आणि मनावर बसलेल्या आघाताचे विकार यांचा अशा छळाशी निकटचा संबंध आहे. पण आमची कामकरी स्त्री डॉक्टरकडे "मन दुखते" असे सांगत नाही. ती कंबर दुखते, अशक्तपणा वाटतो, असे सांगते. तिला शक्तीच्या गोळ्या मिळतात. घरी काय चालते, हे तिला कोणी विचारीत नाही.

आकडे पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाह झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांनी पतीकडून भावनिक छळ झाल्याचे सांगितले. जो छळ छळ म्हणून ओळखायलाही कोणी शिकविलेले नाही, त्याची ही कबुली दिलेली संख्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २३,१७८ गृहिणी होत्या. या सर्वच मृत्यूंमागे नवऱ्याचा छळ होता, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. पण ज्या घराला आपण स्त्रीचे आश्रयस्थान म्हणतो, त्या घरातच जिचे सारे आयुष्य जाते, तिची संख्या या यादीत निम्म्याहून अधिक असावी, हे आपल्या कुटुंबव्यवस्थेबद्दल बरेच काही सांगून जाते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुणीचा विषाने मृत्यू झाला. लग्नाला अवघे चार महिने झाले होते. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या निष्कर्षाप्रत येताना तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांचा विचार झाला. त्या पत्रांत तिच्या मनाची कोंडी उतरली होती. निकालाबद्दल येथे वाद घालावयाचा नाही. पती निर्दोष ठरला, हे मान्यच केले पाहिजे. आमचा मुद्दा निराळा आहे. एका मुलीने मोकळे केलेले मन न्यायालयात वाचले गेले ते तिच्या मृत्यूनंतर, आणि खून की आत्महत्या एवढेच ठरविण्यासाठी. ती जिवंत असताना ही पत्रे म्हणजे हाक आहे, असे मानणारी व्यवस्था नव्हती. घरातील मानसिक क्रूरता हा स्वतंत्र गुन्हाही तेव्हा नव्हता. भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम आले ते १९८३ च्या अखेरीस.

ही उणीव प्रथम ओळखली ती स्त्री-चळवळीने. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली पुण्यात नारी समता मंच उभा केला, 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगावी नेले, आणि पुढे स्त्रियांना मनातले बोलण्यासाठी 'बोलते व्हा' हे केंद्र चालविले. त्या नावातच एक कार्यक्रम होता. मुंबईत २००० सालच्या सुमारास महानगरपालिका आणि 'सेहत' संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले. घरातील हिंसा हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे तत्त्व एका सार्वजनिक रुग्णालयाने त्यामुळे प्रत्यक्षात मान्य केले. नंतर हा प्रयोग पालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेला.

कायदाही पुढे आला. २००५ साली संमत झालेल्या आणि ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शारीरिक व लैंगिक हिंसेबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसा म्हटले आहे. मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणे, अपमान करणे, खर्चाचा पैसा अडविणे ही त्या कायद्याच्या दृष्टीने हिंसाच होय. मानसिक यातनांबद्दल भरपाई मागता येते. राहत्या घरातून बाहेर काढले जाऊ नये, असा आदेशही मिळविता येतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही क्रूरतेच्या व्याख्येत मानसिक आरोग्याचा उल्लेख कायम आहे. म्हणजे "मारतो का?" हा प्रश्न कायद्यानेही मागे टाकला आहे. आमचे कार्यकर्ते मात्र तेथेच अडून बसले आहेत.

या छळाची आणखी एक क्रूर बाजू आहे. ज्याने तिचे मन मोडले तोच उद्या "ती वेडी आहे" असे सांगत फिरतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. त्यामुळे औषधाची चिठ्ठी तिच्याच विरुद्ध कागद ठरेल, आणि मुलेही हातची जातील, या भीतीने कित्येक स्त्रिया उपचार घेण्याचे टाळतात. अशा बाईला "डोक्याच्या डॉक्टरकडे जा" एवढे सांगून मोकळे होणे म्हणजे अन्यायाचे रूपांतर आजारात करणे होय. उपचार अवश्य हवेत. पण आजार कोणी दिला, हा प्रश्न त्याबरोबर विचारला गेलाच पाहिजे.

येथे आमच्याच मांडणीतील एका पळवाटेबद्दल बोलणे भाग आहे. कारखाना बंद पडला, नोकरी कंत्राटी झाली, दहा बाय पंधराच्या खोलीत सहा माणसे राहतात, म्हणून पुरुष चिडतो, असे आम्ही म्हणतो. त्यात तथ्य आहे. पण त्याच बंद कारखान्याची झळ त्याच्या बायकोलाही बसते. ती चार घरची धुणीभांडी करते आणि तिची चीड कोणावर निघत नाही. शिवाय लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या उंच इमारतींत, भरल्या घरांतही हाच छळ अधिक सभ्य भाषेत चालतो. दारिद्र्य छळाला धार देते. त्याचे मूळ मालकीच्या भावनेत आहे. पुरुषांचाही छळ होतो आणि त्यांची व्यथाही ऐकली पाहिजे; पण घर, पैसा आणि समाजाची साक्ष बहुधा कोणाच्या बाजूला असते, हे विसरून चालणार नाही. डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला स्थान दिले, ते मोर्चाच्या फलकावर लिहिण्यापुरते नव्हते.

मग करावयाचे काय? प्रत्येक शाखेने पहिला प्रश्न बदलावा. "मारतो का?" ऐवजी "घरी भीती वाटते का? झोप लागते का? माहेरी जाता येते का? पैसा हातात असतो का?" असे विचारावे. तिचे बोलणे एकटीचे ऐकावे. नवऱ्यासमोर साक्ष मागू नये. तिला न विचारता समेटाची बैठक बोलावू नये. जीव नकोसा झाला आहे का, हे स्पष्टपणे विचारावे. अशा प्रश्नाने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत खोटी आहे. १८१ हा महिला मदत क्रमांक आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा 'टेली-मानस' क्रमांक कचेरीच्या भिंतीवर लिहावा. संरक्षण अधिकारी कोण आणि जवळच्या पालिका रुग्णालयात कोणती सोय आहे, याची माहिती शाखेजवळ असावी. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आली तो आपलाच कार्यकर्ता असेल, तर "चळवळीचे नुकसान होईल" या सबबीखाली ती तक्रार दाबू नये. सभेत समतेवर बोलून घरी बायकोचे तोंड बंद करणारा माणूस चळवळीचे नुकसान आधीच करून बसलेला असतो.

हे काम मोर्चाइतके दिसत नाही, त्याची बातमी छापून येत नाही. पण आमच्या दारी आलेली एक बाई आमच्याकडूनही अविश्वास घेऊन परत गेली, तर पुढची पायरी ती चढेलच, याची हमी कोणी द्यावी?